बसल्या जागेचं काम

अण्णांचा हातोडा थांबला की घरात सगळ्यांचेच हात थांबायचे.

घर आणि शेड यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही वरच्या बाजूला दोन हात उघडी. सकाळी पत्र्यावर ऊन आलं की हातोडा सुरू व्हायचा, आणि तो चालू असेपर्यंत घरातली माणसं निर्धास्तपणे आपापलं काम करायची. तीन घाव, एक श्वास. तीन घाव, एक श्वास. गिरणीचा दगड घडवायचा म्हणजे त्याच्या तोंडावर टाकीच्या टोकानं चरे पाडायचे, सगळे सारख्याच खोलीचे. आणि ही खोली डोळ्यांना कळत नाही, हात ती श्वासावरच सांभाळतो. श्वासापेक्षा लांब खंड पडला म्हणजे खोकला. तो छातीत चढायला लागला की आधी टाकी दगडावरून उचलायची आणि मगच खोकायचं, हे अण्णा लहानपणी बापाचा मार खाऊन शिकले होते. तसं केलं नाही तर टाकी घसरते, दगडाची कड उडते, आणि कड उडालेला दगड दारापुढे पायरीला टाकण्यापलीकडे कशाच्या उपयोगाचा राहत नाही. त्यामुळे अण्णांच्या खोकल्याआधी नेहमी शांतता यायची. थोरली लेक हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची. शेडच्या कोपऱ्यात, पोत्याच्या पडद्यामागे बसून दगडाची पूड चाळणारी आई चाळण मांडीवर टेकवून पडद्याकडे बघत बसायची. मग खोकला यायचा, पाण्याचा घोट, घसा साफ केल्याचा आवाज, आणि पुन्हा तीन घाव. आईची चाळण पुन्हा हलू लागायची.

थोरली शहरात पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. छापलेले ताव दुमडता दुमडता तिनं पुष्कळ वाचलं, पण हाताला येईल ते, म्हणजे बहुधा मधूनच. कित्येक गोष्टींचा शेवट तिला ठाऊक होता आणि सुरुवात नव्हती. दुमडणारं यंत्र आलं तशी ती घरी आली. थोड्या दिवसांसाठी आलेय, असं तिनं सांगितलं आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. धाकटी लग्न होऊन लांब गेली होती. घरात तिघंच.

त्या हंगामात गिरण्यांची मागणी चांगली होती. मालकाच्या आवारात ओळीनं शेडा होत्या, प्रत्येक शेडमागे एक घर, आणि सगळीकडून हातोड्यांचा आवाज. फक्त कडेची शेड बंद होती. ती पैलवानाची. एकट्यानं दगड उभा करणारा तो माणूस शेवटी शेवटी पाण्याची बादली उचलायला बायकोला हाक मारायचा. आत हवा पुरत नाही म्हणून तिनं त्याची खाट बाहेर काढली होती. तो बाहेरच, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, बसल्या बसल्या गेला. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून मरतानासुद्धा त्याला आडवं होता आलं नाही.

त्यानंतर आरोग्य केंद्रातली माणसं आवारात येऊन गेली. शेडांमध्ये पाण्याचा फवारा बसवा, दगड ओला करून फोडा, असं त्यांनी मालकाला सांगितलं. मालकानं मान हलवली. फवारा काही आला नाही, पण केंद्राच्या नर्सबाई एक फोन घेऊन आल्या.

मुकादमानं सगळ्यांना गोळा करून समजावलं की या फोनमध्ये अक्कल घातलेली आहे. हजारो माणसांचे खोकले ऐकून तो शिकलाय. तो तुम्हाला प्रश्न विचारील, तुमचा खोकला ऐकेल आणि छातीच्या जुनाट दुखण्याचा धोका कुणाला आहे ते आधीच सांगेल. हिरवं आलं तर बसा टाकी घेऊन. लाल आलं तर दगडाला हात लावायचा नाही. कुणाला काढून टाकत नाही, असंही मुकादम म्हणाला, दुसरं काम देऊ. दुसरं काम म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. फाटकावर काठी घेऊन बसायचं.

शेजारच्या शेडमधला कारागीर ऊठसूट वाद घालायचा म्हणून त्याचं नाव वकील पडलं होतं. त्यानं विचारलं, मालकांचाही खोकला ऐकणार का. मालक लांब बसतात, त्यांना कुठला खोकला, असं मुकादम म्हणाला. मग आम्हालाही लांब बसवा, असं म्हणून वकील सगळ्यांआधी आत गेला आणि हिरवा होऊन आला.

अण्णांची पाळी आली तेव्हा ते उठून आधी नळावर गेले. तोंड धुतलं, दोन भांडी पाणी प्यायले आणि सावलीत बसून राहिले. मुकादमानं हाक मारली, तरी बसूनच राहिले. छातीतलं सगळं खाली बसेपर्यंत ते थांबलेत हे थोरलीला समजत होतं. मग ते उठले, ऑफिसच्या दारात खाकरले आणि आत गेले. कुणाच्याही दारात पाऊल टाकताना असं खाकरायची त्यांची सवयच होती. स्वतःच्या घरातसुद्धा ते न खाकरता शिरत नसत.

फोनमधून बाईचा आवाज आला. गोड, कुठल्याच गावचा नसलेला. वय किती, काम कोणतं, किती वर्षं, विडी ओढता का. अण्णांनी मुलाखत दिल्यासारखी हात गुडघ्यांवर ठेवून उत्तरं दिली. मग आवाज म्हणाला, आता तीन वेळा मोठ्यानं खोका. अण्णांनी घसा नीट केला आणि दारात खाकरतात तसेच खाकरले. तीन वेळा, स्वच्छ, आटोपशीर.

फोनवर हिरवा गोल आला.

"पाहुणा आलाय असं वाटलं असेल त्याला," वकील बाहेर म्हणाला. अण्णा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

नर्सबाई भल्या होत्या. घरातल्या माणसांचंही बघायला सांगितलंय म्हणून त्या शेडांमागून घराघरात फिरल्या. आई पूड चाळून उठलेलीच होती. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. दगडावर पडलेली पूड झाडून गोळा करायची, चाळायची, आणि जाड ती वेगळी करून अगदी बारीक ती पोत्यात भरायची. ती भांडी घासायच्या पावडरीसाठी जाते. आवारातल्या बायका हे काम करायच्या. बसल्या जागेचं काम, म्हणून कुणी त्याला काम म्हणत नसे. घरचं सगळं आवरून जरा बसायचं म्हणजे चाळण घेऊन बसायचं.

आईनं तोंड धुतलं आणि ती फोनपुढे बसली. आवाजानं विचारलं, आपण काय काम करता. आईनं अण्णांकडे बघितलं.

"घरीच असते," अण्णा दारातून म्हणाले.

स्वयंपाक लाकडांवर करता का, असं आवाजानं विचारलं. गॅस आहे, असं आईनं सांगितलं. खोका म्हटल्यावर तिला हसू आलं. तोंडावर हात धरून तिनं मांजरानं शिंकावं एवढासा आवाज केला. यंत्राला तेवढा पुरला. धोका कमी, असं ते म्हणालं. नर्सबाईंनी मोकळ्या हवेत चालत जा, असं सांगितलं आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

रात्रीचं जेवण झाल्यावर अण्णा लवकर झोपले. आई भांडी पालथी घालत होती. ती थोरलीकडे न बघता म्हणाली,

"त्यांनी खोटा खोकला दिला."

"माहीत आहे मला."

"पैलवानही असाच खोटं खोटं बरं असल्याचं दाखवायचा. त्याची बायको मला सांगायची." तिनं शेवटचं भांडं ठेवलं. "काम सुटलं तर जेवढं मिळेल तेवढ्यात भागवू. पण मला त्यांची खाट बाहेर काढायची नाही."

दुसऱ्या दिवशी थोरली आरोग्य केंद्रावर गेली. नर्सबाईंनी तिचं ऐकून घेतलं. असं बरेच जण करतात, त्या म्हणाल्या. मग त्यांनी थोरलीच्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलं. हे दिवसभर चालू ठेवायचं. बाकीचे आवाज सोडून ते फक्त खोकले वेचून घेतं, संध्याकाळी आपलं आपण केंद्राकडे पाठवतं. नाव अण्णांचं घातलं. त्यांना सांगून ठेवलेलं बरं, असंही नर्सबाई म्हणाल्या. थोरलीनं मान हलवली आणि सांगितलं नाही.

फोन ठेवायची जागा आईनंच दाखवली. अण्णांच्या समोर ठेवला तर दिसेल. वर ठेवला तर पत्रा तापतो. पडद्याची काठी भिंतीला जिथे टेकते तिथे एक कोनाडा होता, त्यात तेलाच्या डब्याआड. आईनं स्वतःच्या हातानं तिथली धूळ पुसली, खाली फडकं घातलं आणि फोन ठेवला. मग ती त्याच्याखाली तिच्या नेहमीच्या जागी बसली आणि चाळण पुढे ओढली.

दिवसभर हातोडा चालला. मधे मधे थांबला. थोरली पलीकडे प्रत्येक खंडाला थांबत होती आणि मनात म्हणत होती, ऐक, नीट ऐक.

उत्तर लाल आलं.

साधं लाल नव्हे. या खोकल्यावरून फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा धोका फार जास्त दिसतो, असं आवाज म्हणाला. हे निदान नाही, ही सूचना आहे, डॉक्टरांकडून छातीची तपासणी करून घ्या, धुळीपासून लांब राहा. गोड आवाजात. थोरलीनं ते दोनदा ऐकलं आणि मग आईला ऐकवलं. आई म्हणाली, बघ, मी म्हटलं नव्हतं. तिच्या आवाजात सुटका होती. वाईट ते कळलं, आता त्याचं काय करायचं ते करता येईल, अशी.

थोरलीला वाटलं होतं, आधी घरात बोलू. पण अण्णांचं नाव आवाराच्या खात्यावर होतं, आणि मुकादमाच्या फोनवरही तोच लाल गोल गेला होता. तो सकाळी शेडमध्ये आला तेव्हा अण्णांचा एक दगड अर्ध्यावर आला होता. मुकादम ओशाळला होता, त्यामुळे जरा जास्तच मोठ्यानं बोलला. अण्णांनी थोरलीकडे बघितलं. टाक्या एकेक करून फडक्यात गुंडाळल्या, हातोडा त्यावर ठेवला, आणि अर्ध्या दगडावर पोतं टाकलं. उघडा राहिला तर उगाच डोळ्यात येतो म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ते फाटकावर बसायला लागले.

खुर्ची प्लास्टिकची, एक पाय वाकडा. त्या पायाखाली त्यांनी दगडाची चीप घातली, तेवढंच दगडाचं काम. येणाऱ्या गाडीला फाटक उघडायचं, जाणाऱ्याला बंद करायचं. गिरणीवाले दगड न्यायला यायचे. ते ओळखीचे. इतकी वर्षं त्यांनी अण्णांच्या हाताखालून निघालेला दगड हात फिरवून नेला होता. आता ते गाडीतून मान बाहेर काढून विचारायचे, काय हो, इकडे कुठे. अण्णा म्हणायचे, जरा हवेला बसलोय. वकील मुद्दाम फाटकाशी थांबून कमरेत वाकायचा, "साहेब, आत येऊ का?" पहिल्या दिवशी अण्णांनी काठी उगारली, तेव्हा दोघंही हसले. पुढे वकिलालाच ते नको वाटायला लागलं. तो मान खाली घालून जायला लागला, आणि ते अण्णांना जास्त लागलं.

थोरलीशी ते बोलत नव्हते. भांडले नाहीत, बोलतच नव्हते. ताट पुढे आलं की जेवायचे. एकदा तिनं त्यांच्या छातीला तेल लावायला वाटी आणली, तर त्यांनी ती तिच्या हातातून घेतली, स्वतः लावलं आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती उचलली, धुतली आणि जागेवर ठेवली.

काम कमी झालं ते भरून काढायला आई जास्त चाळायला लागली. स्वतःच्या शेडमध्ये आता पूड पडत नव्हती. ती वकिलाच्या शेडमध्ये जाऊन बसायची, त्याच्या दगडाशी अगदी लागून. थोरली म्हणाली, पोती इकडे आण, मी चाळते, तू पड जरा. आईनं ऐकलं नाही.

"इकडे सगळं सुनं सुनं आहे," ती म्हणाली. "हातोड्याच्या आवाजात माझा हात चालतो."

संध्याकाळी ती परत यायची तेव्हा उंबऱ्याशी जरा टेकायची. चप्पल काढायला वेळ लागतो असं दाखवायची. एवढं अंतर चालून आल्यावर श्वास परत जागेवर यायला तिला बराच वेळ लागायचा, पण त्या दिवसांत घरात सगळ्यांचं लक्ष फाटकाकडे होतं. थोरली अण्णांचे खोकले ऐकत असायची. आईही ऐकत असायची. आणि नवल असं की फाटकावर बसल्यापासून अण्णा फारसे खोकत नव्हते. बघ, धूळ सुटली तर गुण आला, असं आई म्हणायची. तिच्या चेहऱ्यावर तेवढंच काय ते समाधान.

केंद्राच्या गाडीतून अण्णांना मोठ्या दवाखान्यात नेलं. थोरली बरोबर गेली. फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. अण्णांनी छाती भरून फुंकलं. डॉक्टर तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाल्या, डाग आहेत, जुने आहेत, दगडावरच्या माणसाला असतातच. जपायला हवं, ओल्या फडक्याशिवाय धुळीत बसायचं नाही. पण वयाच्या मानानं छाती बरी आहे. मग त्यांनी केंद्राचा कागद बघितला, पुन्हा फोटो बघितला.

"एवढा वाईट खोकला या छातीतून कसा आला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या माणसाला हाक मारली.

परतीच्या वाटेवर अण्णा खिडकीतून बाहेर बघत बसले होते. घर जवळ आल्यावर म्हणाले,

"तुझ्या यंत्रालाही माणसं ओळखता येत नाहीत म्हणजे."

ते तिच्याशी बोलले याचंच तिला एवढं बरं वाटलं की तिनं नुसती मान हलवली.

नर्सबाई दोन-चार दिवसांनी दुपारी आल्या. जेवणाची सुट्टी होती, आवारातले हातोडे थांबले होते. अण्णा घरी होते. आई वकिलाच्या शेडमधून चाळण काखेत धरून नुकतीच आली होती आणि उंबऱ्याशी टेकली होती. नर्सबाई ओशाळल्या होत्या. यंत्र चुकतं कधी कधी, त्या म्हणाल्या. पण इतकं चुकलं तर ते मला वर कळवावं लागतं. त्या दिवशी त्यानं जे वेचलं ते, मागचापुढचा आवाज धरून, माझ्याकडे आहे. काका, तुम्ही एकदा ऐका. हा तुमचाच खोकला का, तेवढं सांगा.

त्यांनी फोन मधे ठेवला.

आधी हातोडा ऐकू आला. लांबून, पत्र्याखालचा. तीन घाव, एक श्वास. मग खोकला. खोल, ओला नाही, कोरडा, रिकाम्या पोत्याला आतून कुणी नखं लावावी तसा. एकामागोमाग एक, संपतच नव्हता. थोरलीला तो ऐकवेना. अण्णांच्या छातीत हे आहे असं तिला वाटलं आणि मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

अण्णा वाकून ऐकत होते. ते खोकला ऐकत नव्हते.

"हातोडा माझाच आहे," ते म्हणाले. "पुन्हा लावा."

नर्सबाईंनी पुन्हा लावलं. तीन घाव, एक श्वास. खोकला. तीन घाव. खोकला. तीन घाव.

"थांबला नाही," अण्णा म्हणाले.

नर्सबाईंना कळलं नाही. थोरलीला कळलं. हातोडा थांबला नव्हता. खोकला चालू होता तरी घाव पडत होते, एका मापाचे, एका खोलीचे. खोकणारा माणूस आणि हातोडा मारणारा माणूस वेगळे होते. आणि कोनाड्याखाली त्या दिवशी कोण बसलं होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं.

कुणी वळून बघितलं नाही. मग सगळ्यांनीच बघितलं.

आई उंबऱ्यावर बसली होती. चाळण मांडीवर. भुवया पांढऱ्या. चोरी पकडली जावी तसा तिचा चेहरा झाला होता.

"कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"झाले असतील काही दिवस."

"अगं, कधीपासून?"

"मला काय माहीत. धाकटीच्या लग्नाच्या आधी." ती चाळणीच्या कडेवरून बोट फिरवत होती. "तुमचाच एवढा होता. त्यात माझा कुठे सांगत बसू. तुमचा हातोडा चालला की मी घेत होते खोकून. तुम्ही थांबलात की धरून ठेवायचे. जमतं तेवढं."

थोरलीला ते सगळे खंड आठवत होते, आई चाळण टेकवून पडद्याकडे बघायची ते. ती कशाची वाट बघत असायची ते तिला आता समजलं.

नर्सबाईंनी फोनवर काहीतरी केलं आणि त्या आईच्या पुढ्यात येऊन खाली बसल्या. काकू, आपण पुन्हा एकदा करू, त्या म्हणाल्या, तुमच्या नावानं. आई नको म्हणाली. थोरली जवळ जाऊन बसली तेव्हा गप्प झाली.

"आपण काय काम करता?" फोनमधल्या बाईनं विचारलं.

आईनं सवयीनं अण्णांकडे बघितलं. अण्णा बोलले नाहीत.

"काही नाही," आई म्हणाली. "चाळते. बसूनच तर असते."

"माफ करा, मला समजलं नाही. आपण काय काम करता?"

"दगडाचं," अण्णा म्हणाले.

"किती वर्षं?"

"माझ्याइतकीच. लिही म्हणावं, माझ्याइतकीच."

आवाजाला ते समजलं की नाही कुणास ठाऊक. आता तीन वेळा मोठ्यानं खोका, असं तो म्हणाला. आईनं तोंडावर हात नेला आणि मांजरासारखा आवाज केला. नर्सबाई हळूच म्हणाल्या, तसा नाही काकू, नेहमीसारखा. आईनं प्रयत्न केला. येईना. तिची मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं, छाती वरखाली व्हायला लागली, आणि तरी तोंडातून काही येईना. समोर तीन माणसं बसली होती, दुपार शांत होती, सगळ्या आवारात एक हातोडा वाजत नव्हता. अशा शांततेत खोकायची तिला सवयच राहिली नव्हती.

"राहू द्या," ती म्हणाली. "नंतर बघू."

अण्णा उठले. ते रागावून बाहेर चालले असं थोरलीला वाटलं. ते भिंतीपलीकडे शेडमध्ये गेले. फडकं सोडल्याचा आवाज आला, टाक्या एकमेकींवर वाजल्या. पोतं ओढून बाजूला टाकल्याचा आवाज.

मग हातोडा सुरू झाला. तीन घाव, एक श्वास. तीन घाव, एक श्वास.

आईनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला तिच्या छातीत काहीतरी हललं आणि तो आला, फोनमधून ऐकलेला तोच. जवळून ऐकताना तो जास्त खोल होता. थोरलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली हाडं हादरत होती, आणि पाठीच्या कापडातून पूड उडत होती.

धन्यवाद, पुरेसं आहे, असं फोन म्हणाला.

भिंतीपलीकडे हातोडा थांबला. आईला ते कळलं. तिनं तोंडावर दोन्ही हात दाबले, धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण या खेपेला तो धरून राहिला नाही. तो चालूच राहिला.

अण्णा दारात आले. नेहमीसारखे खाकरले नाहीत. तसेच आत आले, आईच्या मांडीवरची चाळण उचलली आणि बाहेर घेऊन गेले.